मध्यांतरानंतरचं गेट

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, गेटावर उभी राहते. समोरचा माणूस जरा ओशाळतो आणि माझ्याच वतीनं सावरून घेतो, "म्हणजे सिक्युरिटी मॅनेजमेंट वगैरे ना?" ते वगैरे नंतर आलं. ब्लेझर आला, वॉकीटॉकी आला, हाताखाली माणसं आली. पण काम तेच राहिलं. एका बाजूला आत जायची घाई झालेली माणसं, दुसऱ्या बाजूला खेळ, आणि मध्ये मी. मला त्याची लाज कधी वाटली नाही. ज्यांना वाटली त्यांत पहिले माझे वडील होते.

माझं माहेर मंठा तालुक्यातलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घरची जमीन बऱ्यापैकी, आणि गावात शब्दाला वजन. कुणाची वाटणी अडली, कुणाचा बांध सरकला की दादांना बोलावणं यायचं. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आमच्या हायस्कुलात एका सरांनी मुलींचा कबड्डी संघ उभा केला, त्यात मी कोपऱ्यात उभी राहायचे. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा हातात आला की सोडायचा नाही, एवढंच मला येत होतं, पण ते फार चांगलं येत होतं. दोन वर्षं दादांनी काही म्हटलं नाही. मी साडी नेसायला लागले आणि खेळ संपला असं घरानं ठरवलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय उत्तर येईल हे त्यांना ठाऊक होतं.

लग्न होऊन जालन्याला आले. नवरा एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये. दिवसभर तापलेल्या सळईजवळ उभं राहून घरी आला की त्याच्या अंगात वाद घालायचं बळ उरत नसे. मी नोकरी धरली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कर बाई, पर जेवायच्या टायमाला घरी ये." मोठा भला माणूस.

नोकरी बियाण्याच्या कंपनीत. तिथं शेकडो बायका पाटाशी बसून बी निवडायच्या. मूळ बियाण्याला बाहेर सोन्याचा भाव, मूठभर जरी कमरेला खोचून गेलं तरी कंपनीचा जीव जायचा. म्हणून सुटीच्या वेळी झडती. आधी एक म्हातारा वॉचमन सगळ्यांदेखत बायकांना पदर झटकायला लावायचा. एक दिवस बायकांनी काम बंद केलं आणि कंपनीला बाईमाणूस ठेवायची अक्कल आली. माझे खांदे बघून त्यांनी मला ठेवलं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आडोसा पाहिजे. गोणपाटाचा पडदा लावून घेतला. मग प्रत्येकीला पडद्याआड घ्यायचं, उलट्या हातानं चाचपायचं आणि तिच्याशी बोलत राहायचं. लेकरू बरं आहे का, आज भाजी काय. कुणाच्या कमरेला बी सापडलं तर तिच्या तोंडाकडे न बघता समोरच्या टोपलीत टाकायला लावायचं. बायका पाठीमागं मला शिव्या घालायच्या, पण पडदा काढा असं एकीनंही कधी म्हटलं नाही.

दादांना हे कळलं ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. कुणीतरी म्हणालं, तुमची लेक फाटकावर बायांची अंगं चाचपते. दादा त्या दिवशी माझ्या घरी आले, पाणीसुद्धा प्याले नाहीत.

"आपल्या घरातली बाई दुसऱ्याच्या दारात उभी राह्यली आजवर?" ते म्हणाले.

"दुसऱ्याच्या शेतात राबल्या असत्या तर चाललं असतं का, दादा?"

"राबणं येगळं. तू वॉचमन झालीस."

"झाले. पगार मिळतोय."

दादा उठले ते गेलेच. त्यानंतर मोंढ्यात माल घालायला ते यायचे, नवीन जालन्यात बँकेचं काम उरकायचे, आणि मंठ्याची बस धरून परत जायचे. माझं घर वाटेत होतं. आई सणावाराला कुणाबरोबर तरी डबा पाठवायची. दादांचा निरोप मात्र कधी आला नाही, आणि मीही पाठवला नाही. माझ्या अंगात त्यांचंच रक्त होतं, दुसरं काय.

पुढं मी एका एजन्सीत गेले. एजन्सी चालवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. लग्नं, सभा, दुकानांची उद्घाटनं, जिथं बायकांची गर्दी तिथं ते मला पाठवायचे. मी माझ्या हाताखाली पोरी घेतल्या त्या मुद्दाम कबड्डी खेळलेल्या. दम टिकतो, धक्का खाऊन रडत नाहीत, आणि हातात हात घालून साखळी करायची सवय असते. साखळी म्हणजे समोरचा गडी आत घुसला की दोघींनी मनगटं धरून त्याला घेरायचं. मैदानात जे चालतं ते गेटावरही चालतं. पण आमचं नाव पडलं ते बायांचं गेट. मेन गेट पुरुषांचं. मी सुभेदारांना दर वेळी म्हणायचे, मेन गेट मला द्या. ते दर वेळी हसायचे आणि चहा मागवायचे.

शतक उलटलं त्या सुमारास जालन्यात धंदेवाईक कबड्डीची लीग आली. आमच्यासाठी ही नवलाईच होती. संघ विकत घेतलेले, एक सळईवाल्या शेठचा, एक बियाणेवाल्यांचा, बाकीचे बाहेरगावचे. खेळाडूंना करार, शर्टावर जाहिराती, मातीऐवजी मॅट. मैदानाभोवती पत्रे ठोकून लोखंडी पाइप आणि फळ्यांच्या गॅलऱ्या उभ्या केलेल्या. लीगची व्यवस्था बघायला पुण्याहून एक साहेब आलेले, तरुण, नेटके, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी आधीच सांगितलं होतं की गॅलरीवर जेवढी जागा तेवढीच माणसं, एकही जास्त नको.

पण मेन गेटावर सुभेदारांचा धिप्पाड गडी होता आणि तो आमच्याच मातीतला. त्याला लाथ मारता येत होती, नाही म्हणता येत नव्हतं. कुणी राम राम घातला की हा हात जोडायचा, आणि हात जोडलेल्या माणसाला गेट धरता येत नाही. मावसभाऊ, मेव्हण्याचा मित्र, शेताशेजारचा, सगळे बराबर आत. उपांत्य सामन्याला एक गॅलरी एवढी भरली की फळी कडाडली. माणसं खाली आली. कुणाला फार लागलं नाही, एकाचा हात मोडला. पुण्याच्या साहेबांनी सुभेदारांना तंबूत बोलावलं. फायनलला असं झालं तर एजन्सी बाद, आणि लीग जालन्यात परत येणार नाही, एवढंच म्हणाले.

सुभेदार माझ्याकडे आले. या वेळी हसले नाहीत.

"उद्या मेन गेट तू घे. या गावात न्हाई म्हणणारं माणूस मला दुसरं दिसंना."

"आणि निभावलं तर?"

"तर लीगसंगं तू पुढच्या शहरात जाशील. गेट इन्चार्ज म्हणून. साहेब तयार हायेत."

"आणि न्हाई निभावलं तर?"

"तर एजन्सी बाद, आन हायेच तुझा बियाण्याच्या कंपनीतला पडदा," सुभेदार म्हणाले.

त्या पडद्याआड मी ऐन उमेदीची वर्षं घालवली होती. मला तिथं परत जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पोरींना मेन गेटावर आणलं, पुरुषांच्या झडतीला चार पुरुष ठेवले, आणि सगळ्यांना बजावलं की कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. हातात तिकीट असेल तर आत, नसेल तर बाजूला. राम राम घातला तर मानेनं घ्या, हात जोडू नका.

पहिला सामना तिसऱ्या नंबरासाठी होता आणि तो होईपर्यंत सगळं सुरळीत गेलं. एक पुढारी आले, त्यांच्याबरोबर पाच-सहा जण बिनतिकिटाचे. पुढाऱ्यांना पास होता, त्यांना सोडलं, बाकीचे बाहेर. ते म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे का. मी म्हटलं, तुमचा पास बघितला ना, त्यावर लिहिलंय. माझी एक पोरगी खुदकन हसली, तिला मी डोळे वटारले.

खरी अडचण पुढं होती आणि ती मला सकाळपासून दिसत होती. आमच्याकडे एक रीत आहे. गावात टुरिंग टॉकीज आली, सर्कस आली, कुस्त्या असल्या, तिकीट लावलेले कबड्डीचे सामने असले, तरी मध्यांतर झालं की कनात वर करायची. बाहेर उभे असतील ते सगळे आत, फुकट. मालकाचा धंदा झालेला असतो, गावाचा मान राहतो. त्यात कुणाला चोरी वाटत नाही. उलट जो मालक कनात वर करत नाही त्याला लोक कोत्या मनाचा समजतात. मी स्वतः लहानपणी कित्येक सिनेमांचा फक्त शेवट पाहिलाय. हिरो-हिरॉइनीची भेट कशी झाली ते मला आजही माहीत नसतं, थेट हाणामारीच ठाऊक. त्यामुळे पहिला सामना संपत आला तशी पत्र्याबाहेर गर्दी जमायला लागली ती दंगा करायला नव्हे. आपला हक्क घ्यायला आली होती. टेम्पो भरभरून लोक येत होते, आणि बरोबर दोन सामन्यांमधल्या मध्यांतराला येत होते.

अशाच एका टेम्पोतून आमचं गाव उतरलं. पुढं दादा. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. मागं चुलते, चुलतभाऊ, भावकी. किती वर्षांनी मी दादांना एवढ्या जवळून बघत होते. त्यांनीही मला पहिल्यांदाच युनिफॉर्ममध्ये पाहिलं. टोपीपासून बुटापर्यंत बघितलं, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. मला एक क्षण वाटलं, माझं काम बघायला आले. मी टोपी सरळ केली.

"उघड गं," दादा म्हणाले. "सुट्टी झाली ना."

तेव्हा कळलं. गावात कुणीतरी सांगितलं असणार की लेक मेन गेटावर आहे, मग आपल्याला कोण अडवतंय. इतकी वर्षं माझा युनिफॉर्म दादांना चालत नव्हता. फुकट आत जायचं म्हटल्यावर चालला. मला जो संताप आला तो आजही आठवला की कान गरम होतात.

"दादा, हितं तशी रीत न्हाई. तिकीट लागतंय. थोडी हायेत खिडकीवर, घ्या आन या."

"तिकीट?" चुलते पुढं झाले. "अगं येडी का खुळी, बाप हाय हा तुझा. समदं गाव संगं आलंय."

"म्हणून तर हळू सांगायले, काका."

दादा खालच्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या दारात मी तिकीट काढू? लोक मागं उभे हायेत."

"मी काढून देते तुमचं. बाकीच्यांनी आपापलं बघावं."

"तुझ्या पैशानं?" दादांचा आवाज चढला. "बिलकुल न्हाई. तू गेट उघड."

मागून आरडाओरडा सुरू झाला होता. कनात वर करा, कनात वर करा. इथं कनात नव्हती, लोखंडी फाटक होतं, तरी शब्द तोच. आत पंचांची शिट्टी झाली, फायनल सुरू झाली, आणि बाहेरची गर्दी एकदम पुढं सरकली. मी शिट्टी फुंकली. माझ्या पोरींनी मनगटं धरली, फाटकापुढं साखळी केली, मध्ये मी. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर. मागचा रेटा त्यांच्या पाठीवर येत होता.

माझ्या डोक्यात त्या वेळी तीनच गोष्टी होत्या. आतली ती दुरुस्त केलेली फळी, गोणपाटाचा पडदा, आणि समोर उभा बाप. बापासाठी हात सुटला असता तर पुढचं सगळं मला माहीत होतं. संध्याकाळी भावकी म्हणाली असती, शेवटी पोरगी आपली. सुभेदार काही बोलले नसते. आणि सोमवारी मी बियाण्याच्या कंपनीत.

"दादा," मी म्हटलं, आणि या वेळी हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही एक पाऊल पुढं आले तर मी तुम्हाला पाडीन. घोटा धरून पाडीन. तुम्हाला म्हाईत हाय मी सोडत न्हाई."

चुलते म्हणाले, "काय बोलायली ही!" दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मागंही गेले नाहीत. फक्त पुढचं पाऊल टाकलं नाही. पाय रोवून तिथंच उभे राहिले.

आणि मागच्यांची पंचाईत झाली. आमच्या भागात दादांना ओलांडून जायची कुणाची हिंमत नव्हती. भावकी त्यांच्या मागं थांबली, भावकीच्या मागं बाकीची गावं थांबली. कुणीतरी ढकललं तर चुलत्यांनीच त्याला दटावलं, म्हातारं माणूस हाय पुढं, दिसत न्हाई का. काही जण खिडकीकडे वळले, काही टेम्पोकडे. दादांनी माझी बाजू घेतली असं मी मुळीच म्हणणार नाही. ते मला मदत करायला उभे नव्हते. ते रुसून उभे होते. पण त्यांचा रुसवा फाटकाला अडसर झाला, हे खरं आहे.

पूर्ण फायनल दादा तिथं उभे होते. आतून आरडाओरडा यायचा, टाळ्या यायच्या, कोण जिंकतंय ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. मी गर्दीकडे तोंड करून, ते माझ्याकडे. एकदा मी एका पोरीच्या हाती त्यांना पाणी पाठवलं. त्यांनी ग्लास परत केला. सामना संपला, आतल्या लोकांना बाहेर पडायला फाटक उघडलं, तेव्हा दादा वळले आणि टेम्पोत जाऊन बसले.

गॅलरी टिकली. सुभेदारांनी सगळ्या पोरींना जिलेबी वाटली. पुण्याचे साहेब जवळ येऊन म्हणाले, "ते समोर उभे होते, ते तुमचे वडील होते का?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढच्या शहराचा पत्ता दिला. मला आनंद झाला, झाला नाही असं खोटं का बोलू? मी ते मिळवलं होतं. घरी गेल्यावर भाकरी थापताना मात्र नवऱ्यानं दादांचं विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले.

त्यानंतर मी गावोगावच्या लीग केल्या. कबड्डी, हॉकी, आणि मग क्रिकेटच्या लीगचा जमाना आला तेव्हा मोठ्या शहरांतली मोठी मैदानं. तिथं पत्र्याचं फाटक नसतं, फिरतं लोखंडी दार असतं, कॅमेरे असतात, पण माणसं तीच. कुणी साहेबाचा भाचा, कुणी खेळाडूचा वर्गमित्र, कुणी नुसताच गॉगलवाला. एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, ओळखीचा मोठा माणूस पासशिवाय आला तर काय कराल? मी म्हटलं, माझ्या बापाला विचारा. त्यांना विनोद वाटला. मी सांगितलं तेव्हा हसायचे थांबले आणि कागदावर सही केली.

इकडे गावात दादा ती हकीकत सांगत सुटले होते. पारावर, लग्नात, बसमध्ये. "माझ्या पोरीनं मला आत सोडलं न्हाई. पाडीन म्हणाली." आई सांगायची, आधी रागानं सांगायचे, मग नुसतंच सांगायचे. मला माफी माग असा निरोप चुलत्यांनी दोनदा पाठवला. मी नाही मागितली. कशाची मागायची? तिकीट मागितल्याची?

काही वर्षांनी गावच्या जत्रेतल्या कबड्डीला मोठं बक्षीस लागलं, बाहेरचे संघ यायचे ठरले, तालुक्याहून लोखंडी गॅलऱ्या आणायचं ठरलं. दादा कमिटीत. एका दुपारी माझ्या दारात येऊन उभे राहिले. या वेळी आत आले, बसले, पाण्याचा तांब्या रिकामा केला.

"गावच्या सामन्याला गेट तू बघशील का?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं नाही आणि विरघळायलाही झालं नाही. माझ्या धंद्याची गोष्ट होती, मी धंद्याचंच बोलले.

"मध्यांतरानंतर गेट उघडायचं असेल तर मला बोलवू नका, दादा. मी उघडत न्हाई."

दादा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "मला भावकीला न्हाई म्हणता येत न्हाई गं. साऱ्या आयुष्यात आलं न्हाई. उघडायचं न्हाई म्हणून तर तुला बोलवायलो."

मी गेले. मध्यांतर झालं, कनात वर करा सुरू झालं, आणि सगळ्यांत पुढं येऊन उभे राहिले ते माझे काका, बिनतिकिटाचे. दादा आत गॅलरीत पहिल्या फळीवर बसले होते. काकांनी त्यांना हाक मारली, "अरे, सांग की तुझ्या पोरीला."

दादा मॅटवरची नजर न काढता म्हणाले, "तिच्या गेटावर माझं काय चालतंय?"